जुन्या गाडीचा नवा रंग

घराला रंग द्यावयाचे ठरले, की घरातील प्रत्येकाला त्याविषयी काही ना काही मत असते. भिंतीला ओल आहे काय, जुने पोपडे खरवडले की त्यांच्यावरच नवा हात मारला, हे गृहिणी स्वतः उभी राहून पाहते आणि रंगाऱ्याकडून काम करवून घेते. दारातल्या मोटारीच्या बाबतीत मात्र तीच चोखंदळ माणसे एकाएकी भाबडी होतात. ‘पुरी गाडी रंगवायला काय घ्याल?’ एवढा एकच प्रश्न विचारतात, आणि सर्वांत लहान आकडा सांगणाऱ्याच्या हाती किल्ली देऊन मोकळी होतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी असेच घडले. त्या व्यवहाराचा खरा हिशेब नऊ वर्षांनी हाती आला.

दाजी मूळचे साताऱ्याकडचे. हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून नोकरी झाली, शेवटची नेमणूक तांबरमच्या तळावर होती, आणि निवृत्तीनंतर ते कुटुंब तेथेच पश्चिम तांबरममधील मुडिचूर भागात घर बांधून राहिले. तांबरम हे चेन्नईच्या दक्षिणेचे उपनगर. १९३१ साली मद्रास बीचपासून येथवर विजेची आगगाडी धावू लागली, आणि २०२१ मध्ये गावाची स्वतंत्र महानगरपालिका झाली. गावाच्या मधून ग्रँड सदर्न ट्रंक रोड जातो. लोक त्याला जी.एस.टी. रोड म्हणतात, आणि त्या नावाचा कर निघण्याच्या कितीतरी आधीपासून म्हणतात! या रस्त्याचे व मोटारींचे नाते जुने आहे. तांबरमच्या पुढे वंडलूरच्या बाजूला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सचा कारखाना होता. स्टँडर्ड हेरल्ड ही १९६० च्या दशकातील परिचित गाडी त्या कंपनीची. तो कारखाना पुढे बंद पडला. नंतर मरैमलै नगरला फोर्ड, इरुंगाट्टुकोट्टैला ह्युंदाई, ओरगडमला रेनॉ-निस्सान असे मोठमोठे कारखाने या परिसरात आले. त्यांपैकी फोर्डची मोटार-निर्मिती २०२२ मध्ये थांबली. तांबरमच्या भोवताली अशा रीतीने नव्या गाड्या यंत्रांच्या हातून रंगून बाहेर पडतात, आणि तांबरमच्या आडरस्त्यांवर जुन्या गाड्या माणसांच्या हातून पुन्हा रंगविल्या जातात.

ताईकडची छोटी पांढरी गाडी २०१० सालची. ती पाच वर्षांची असताना तो डिसेंबर उजाडला. २ डिसेंबर २०१५ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत तांबरमला ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. अडयार नदीचे पाणी मुडिचूर, वरदराजपुरम या भागांत शिरले. ताईच्या घरी सारी माणसे गच्चीवर सुखरूप होती, परंतु अंगणातील गाडी बैठकीपर्यंत पाण्यात बुडाली. विमा केवळ तृतीय पक्षापुरता होता. इंजिन उघडून साफ करणे, तारा व बैठकी बदलणे यांतच गंगाजळी आटली. रंगावर गाळाचे ओरखडे उमटले होते, खालचा पत्रा ठिकठिकाणी दबला होता. अशा वेळी कोणी एकाने अठरा हजारांत पुरी गाडी रंगवून देण्याचे कबूल केले आणि चौथ्या दिवशी ती दारात आणून उभी केली. ताई सांगते, शेजारपाजारची माणसे गाडी पाहावयास आली. नव्या नवरीसारखी दिसत होती.

दोन पावसाळे गेले. दारांच्या खालच्या कडेला तांदळाएवढे फोड आले. दाजींनी ते खरवडून हाताने रंग लावला. फोड पुन्हा आले, या खेपेस हरभऱ्याएवढे. असे चालता चालता २०२५ साल आले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे वापरावयाची तर परिवहन कार्यालयात तपासणी करवून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्या तयारीत दाजींनी फेब्रुवारीच्या एका सकाळी दाराखालच्या उंबऱ्यावरील फोड पेचकसाने जरा टोकरला. तळहाताएवढी पुट्टीची ढलपी गळून पडली. तिच्या आतला पत्रा कागदासारखा चुरत होता, आणि त्या पत्र्यामागे वाळलेला, विटकरी गाळ होता. तो २०१५ सालचा गाळ! नऊ वर्षे तो त्या चकचकीत पांढऱ्या रंगाच्या आड बसून पत्रा खात होता. मी त्या वेळी सुट्टीसाठी ताईकडे गेले होते, म्हणून हे सारे प्रत्यक्ष पाहिले.

येथे थोडे तांत्रिक बोलावे लागेल, पण ते कठीण नाही. कारखान्यात गाडी रंगविली जाते तेव्हा ती गाडी नसतेच. तो नुसता उघडा सांगाडा असतो. तो धुऊन, त्यावर फॉस्फेटचा थर चढवून, मग रंगद्रव्याच्या टाकीत पूर्णपणे बुडवितात आणि विजेच्या प्रवाहाने तो रंग पत्र्याच्या कानाकोपऱ्यांत, पोकळ्यांच्या आतसुद्धा चिकटवितात. त्यानंतर भट्टी. मग प्रायमर, मग रंग, मग वरचा पारदर्शक थर, आणि पुन्हा सुमारे १४० अंशांची भट्टी. इतके करून सर्व थरांची एकत्र जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर भरते. चालत्या गाडीला ही भट्टी देता येत नाही. रबर, तारा, प्लॅस्टिक, बैठकी सारे वितळून जाईल. म्हणून रंगाऱ्याला असा रंग घ्यावा लागतो जो साध्या हवेत किंवा मंद उष्णतेत वाळतो. पोकळीच्या आतल्या मूळ थराला तर त्याची पिचकारी पोहोचतच नाही. पुन्हा रंगविलेली गाडी कारखान्यातल्यासारखी का होत नाही, याचे उत्तर एवढ्यात आहे. यात रंगाऱ्याची लबाडी नाही.

हवेत वाळणाऱ्या रंगांतही प्रकार आहेत. मोटारीच्या आधी बग्ग्या होत्या, आणि बग्गीचे व्हार्निश थरामागून थर चढवून वाळवावयास कित्येक आठवडे लागत. अमेरिकेत १९२३-२४ च्या सुमारास ड्युपाँ कंपनीचा ड्युको हा नायट्रोसेल्युलोज रंग ओकलंड मोटारींवर आला आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्याकडील सुतार अजूनही कपाटाच्या फवारी रंगाला ‘ड्युको’ म्हणतात, ते नाव येथले. हा रंग भराभर वाळतो, त्यामुळे त्याच्यावर धूळ बसावयास फारसा अवसर मिळत नाही; रस्त्याकडेच्या दुकानाला तो सोयीचा. परंतु तो आपल्या थिनरमध्ये केव्हाही पुन्हा विरघळतो, पेट्रोल सांडले तरी डागाळतो, आणि मद्रासच्या उन्हात दोन-तीन वर्षांत खडूसारखा पांढुरका होतो. दुसरा सिंथेटिक इनॅमल. स्वस्त, पण वाळावयास वेळ घेणारा, म्हणून धूळ धरणारा. तिसरा पॉलियुरेथेन, ज्यात हार्डनर मिसळावा लागतो. तो वाफेने नव्हे तर रासायनिक क्रियेने घट्ट होतो, चमक टिकवितो, ऊन सोसतो. महाग आहे, आणि त्याला धूळविरहित खोली लागते. त्याचा दुसराही एक दोष आहे, त्याकडे पुढे येते.

आता दाजी शहाणे झाले होते. त्यांनी तीन ठिकाणी गाडी दाखविली. एकाने चोवीस हजार सांगितले व चार दिवस मागितले. एका मोठ्या कार्यशाळेने ब्याण्णव हजारांचे अंदाजपत्रक दिले, कर वेगळा. गाडीची बाजारातली किंमत दीड लाखाच्या आसपास. तिच्या अंगावर एक लाखाचे वस्त्र घालणे दाजींना रुचेना, आणि मला विचाराल तर त्यांचे बरोबर होते. तिसरे दुकान पूर्व तांबरममध्ये, सेलैयूरच्या बाजूला, एका चिंचेच्या झाडाखाली. तेथील वृद्ध मेस्त्रींनी पंचेचाळीस हजार आणि बारा दिवस सांगितले. (मेस्त्री म्हणजे आपला मिस्त्रीच, पोर्तुगिजांनी आणलेला हा शब्द दोन्हीकडे रुजला.)

“सार, बारा दिवस कशाला, असे सगळे विचारतात,” मेस्त्री मोडक्या हिंदीत म्हणाले आणि वहीच्या पानावर हिशेब मांडू लागले. रंग, हार्डनर, पारदर्शक थर, प्रायमर, पुट्टी, कागद मिळून पंधरा हजार. कुजलेला पत्रा कापून नवा जोडण्याचे सहा. दोन माणसांची बारा दिवसांची मजुरी एकोणीस. जागा, वीज, कंप्रेसर आणि त्यांचे स्वतःचे पाच. रंगाच्या डब्यात फार फरक नव्हताच. चोवीस हजारांच्या कामात चार दिवस होते आणि पंचेचाळीस हजारांच्या कामात बारा. मधले आठ दिवस कोठे जातात, एवढाच प्रश्न होता.

ते कोठे जातात हे मी रोज रिक्षाने जाऊन पाहिले. पहिले तीन दिवस रंगाचे नावही नव्हते. दिवे, दारांच्या मुठी, आरसे, रबराचे बीडिंग सारे उतरविले. उंबरा कापून आतला गाळ पाण्याच्या जोराने धुऊन काढला व दोन दिवस उन्हात सुकविला. पत्रा जोडून ठोकून शक्य तितका सपाट केला, कारण पत्र्याची कसर पुट्टीने भरून काढली की ती पुट्टी जाड होते, आणि जाड पुट्टी कालांतराने तडकते. शिवाय पुट्टी स्पंजाप्रमाणे पाणी पिते. पाणी लावून कागदाने घासल्यानंतर ती पुरती न सुकविता वर प्रायमर मारला, की ते पाणी आत कोंडले जाते. ताईच्या गाडीचे तांदळाएवढे फोड याच वाटेने आले असावेत. घाईच्या कामात नेमके हे सुकविणे वगळले जाते, कारण ते कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. तमिळमध्ये पुट्टीला ‘पट्टी’ म्हणतात, आणि कोणी फार नटूनथटून निघाले की ‘पट्टी टिंकरिंग झालेले दिसते!’ अशी थट्टा करतात. थट्टेत गाडीवाल्यांचा अनुभव उतरला आहे.

येथे स्वस्त कामाची बाजूही मांडली पाहिजे. त्याच झाडाखाली दोन पिवळ्या ऑटोरिक्षा उभ्या होत्या. व्यवसायाच्या गाडीला ठरावीक मुदतीने तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आठ वर्षांनंतर तर दरवर्षी. येथे त्याला सगळे ‘एफ.सी.’ म्हणतात, आणि एफ.सी. जवळ आली की रिक्षा रंगास येते. तिला मेस्त्री इनॅमलचा साधा हात देतात, दोन दिवसांत, थोडक्या पैशात. वर्षभर टिकला म्हणजे झाले. पुढल्या वर्षी पुन्हा द्यावयाचाच आहे. रिक्षावाल्याला पॉलियुरेथेन घ्यावयास सांगणे म्हणजे त्याच्या मुलांच्या तोंडचा घास काढणे. अमेरिकेतही १९३७ साली लॉस एंजेलिसमध्ये अर्ल शाइब याने असाच धंदा काढला. कोणतीही गाडी, कोणताही रंग, ठराविक स्वल्प दरात. त्याच्या जाहिरातींतला २९ डॉलर ९५ सेंट हा आकडा कित्येक वर्षे लोकांच्या तोंडी होता. लोक त्याच्या कामाला हसत, आणि तरीही गाड्या नेत. त्यांतले धोरणी गिऱ्हाईक घरीच गाडी घासून, पोचे काढून, सुटे भाग उतरवून नेत आणि त्याच्याकडून केवळ फवारा मारून घेत. २०१० मध्ये त्या कंपनीची दुकाने बंद झाली. ज्या गाडीचा पत्रा निरोगी आहे, केवळ रंग विटला आहे, तिला चोवीस हजारांचे काम पुष्कळ झाले. ताईच्या गाडीला ते चालण्यासारखे नव्हते, कारण तिचे दुखणे रंगात नव्हतेच.

रंग कोणता द्यावा यावर घरात खल झाला. पांढऱ्याला पांढराच ठेवला तर दारांच्या चौकटी, डिकीचा आतला भाग, इंजिनाची पेटी रंगवावी लागत नाही, खर्च वाचतो. रुपेरी किंवा चमकीचा रंग पुढे एखादा भाग दुरुस्त करताना जुळविणे फार अवघड, कारण त्यातील धातूचे कण फवाऱ्याच्या हातावर अवलंबून निरनिराळे बसतात. भाचीला मात्र लष्करी गाडीसारखा गर्द हिरवा हवा होता. दाजी हसले. मोटारवाहन नियमांप्रमाणे तो ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणालाही देता येत नाही. इतकी वर्षे गणवेशात काढलेल्या माणसाच्या घरून तो गुन्हा घडावयाचा होता! कोणताही वेगळा रंग दिला, तरी नोंदणीपत्रात त्याची नोंद करून घ्यावी लागते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

नवव्या दिवशी फवारा मारावयाचा होता. मेस्त्रींनी सकाळची वेळ निवडली. जमीन पाण्याने भिजवून धूळ बसविली, तिन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचे पडदे सोडले. ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे परतीच्या मोसमी पावसात, ते पुरी गाडी रंगावयास घेतच नाहीत, कारण दमट हवेत रंगावर दुधी झाक येते. आणि मे महिन्याच्या कत्तरी उन्हात रंग पत्र्यावर पोहोचण्याआधीच हवेत सुकतो. फेब्रुवारी त्यांना सर्वांत आवडता. मी पडद्यापाशी जाऊ लागले, तेव्हा त्यांनी मला हाताने दूर सारले. आत त्यांचा मुलगा होता. त्याच्या तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा होता आणि त्याला स्वच्छ हवेची नळी जोडलेली होती.

पॉलियुरेथेनचा जो दोष वर म्हटला तो हा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. फवारताना त्यांचे अदृश्य तुषार हवेत राहतात, वासाने त्यांची सूचना मिळत नाही, आणि ज्याच्या श्वासनलिकेला एकदा त्यांचे वावडे जडले त्याला पुढे अल्पशा संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. गाड्या रंगविणाऱ्यांत दम्याचे हे एक प्रमुख कारण म्हणून अनेक देशांत नोंदले गेले आहे. नाकाला रुमाल बांधून यापासून रक्षण होत नाही. जुन्या धाटणीच्या पिचकारीतून तर निम्म्याहून अधिक रंग गाडीवर न बसता हवेतच जातो. शिशाचाही प्रश्न आहे. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर २०१७ पासून दशलक्षात ९० भागांची मर्यादा आहे, परंतु तो नियम घरगुती रंगांपुरता. जुन्या गाडीचा रंग कोरडा घासणाऱ्याच्या छातीत काय जात असेल, याचा विचार क्वचितच होतो.

मेस्त्री स्वतः चौदाव्या वर्षी या धंद्यात शिरले, आणि तीस वर्षे त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला गुंडाळून फवारा मारला. आता रात्री दोन उशा घेतल्यावाचून त्यांना झोप येत नाही. तांबरमला १९२८ मध्ये डॉ. चौरी मुथू यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले होते. त्याचेच पुढे छातीच्या विकारांचे मोठे सरकारी रुग्णालय झाले, आणि जवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव आजही तांबरम सॅनेटोरियम असेच आहे. मेस्त्री दर महिन्याला तेथे जातात. मुलगा धंद्यात आला त्या वर्षी त्यांनी तो मुखवटा आणि त्याची हवा गाळणारी यंत्रणा कर्ज काढून घेतली. “अठरा हजारांत गाडी कशी होत असे, मला ठाऊक आहे, सार,” ते दाजींना म्हणाले. “मीसुद्धा केल्या आहेत.” दाजींनी यावर काही उत्तर दिले नाही, परंतु हिशेबातले शेवटचे दोन हजार कमी करून घ्यावयाचे जे त्यांच्या मनात होते, ते त्यांनी काढले नाही.

गाडी घेताना त्यांनी आम्हांला काही गोष्टी दाखविल्या, त्या कोणासही उपयोगी पडाव्यात. पातळ फडक्यात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही, तेथे खाली पुट्टी जाड आहे असे समजावे. प्लॅस्टिकच्या बंपरवर अर्थातच ते धरणार नाही. रबराच्या कडा बोटाने उचलून पाहाव्यात. रबरावर रंगाचे शिंतोडे असले, तर ते न उतरविताच काम उरकलेले आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात गाडीच्या कुशीकडे तिरके पाहावे. दिव्याची रेघ सरळ दिसली पाहिजे, वेडीवाकडी नव्हे. महिनाभर मेण किंवा पॉलिश लावू नये, आणि कापडी आच्छादन घालू नये. वापरलेल्या रंगाचा उरलेला अंश व त्याच्या मिश्रणाचा क्रमांक मागून घ्यावा. दर ठरविण्याआधी तर एकच विचारावे: पत्रा सुकविण्यास किती दिवस धरले आहेत? दोन ठिकाणचे भाव जुळले नाहीत, तर कारण बहुधा या उत्तरात सापडते.

गाडीची तपासणी एप्रिलमध्ये निर्विघ्न पार पडली. त्या वर्षीचा परतीचा पाऊस सुरू झाला तेव्हा मेस्त्रींचा दूरध्वनी आला. दाराच्या तळाशी निचऱ्याची चार बारीक भोके असतात. ती पूर्वी रंगाने व गाळाने बुजली होती, आणि त्यांनी या खेपेस मोकळी करून दिली होती. ती पाहता का, एवढेच त्यांनी विचारले. आता पाऊस पडून गेला, की ताई केरसुणीचा एक हीर घेऊन अंगणात जाते, आणि वाकून चारही दारांची भोके मोकळी करते. गेल्या खेपेस एका भोकातून चमचाभर पाणी पडले, ते स्वच्छ होते.